नागपूरहून जर्मनीत राहायला जाताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नागपूर, वर्धा, अमरावती, चंद्रपूर, कुठून ना कुठून फोन येतोच, "भाऊ, पोरगं जर्मनीला चाललं, काय काय करावं लागते?" प्रश्न जवळपास तेच असतात म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. बहुतेकांचा पहिला प्रश्न बॅगेत काय भरायचं हा असतो. मला मात्र काळजी वाटते ती घरच्या कागदांची, बँकेची आणि मागे राहणाऱ्या माणसांची, कारण तिकडे पोचल्यावर जी कामं महिनोन् महिने छळतात त्यातली अर्धी इथेच नागपुरात बसून आठ-पंधरा दिवसांत होऊन जातात. आकडे आणि नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा पैसे भरायच्या आधी जर्मन दूतावासाच्या साइटवर एकदा नजर टाका.

तयारी कधीपासून सुरू करायची?

भाषा आजपासून, कागद निदान वर्षभर आधी, सामान शेवटच्या पंधरा दिवसांत. लोक नेमकं उलटं करतात, स्वेटर-जॅकेटची खरेदी आधी होऊन जाते आणि जन्माच्या दाखल्यावर नाव चुकलंय हे व्हिसाच्या आठवड्यात कळतं.

नावात फरक आहे, चालेल का?

नाही चालत, आणि आपल्या महाराष्ट्रातल्या लोकांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. आधारवर कधी वडिलांचं नाव आहे, कधी नाही. लग्न झालेल्या ताईंचं तर डिग्रीवर माहेरचं, पॅनवर सासरचं, आणि जन्माच्या दाखल्यावर कधीकधी नावच नाही, नुसतं "मुलगी" लिहिलेलं. आपल्याला हे सगळं एकच माणूस आहे हे दिसतं, जर्मन ऑफिसातल्या माणसाला ते तीन वेगळे लोक वाटतात आणि त्याची चूकही नाही. म्हणून पासपोर्टवर जे नाव, जे स्पेलिंग, तेच धरा आणि बाकी सगळं त्याच्या मागे आणा. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी भरून घ्या. विदर्भातल्या जिल्ह्यांचं काम नागपूरच्याच पासपोर्ट ऑफिसच्या हाताखाली येतं त्यामुळे त्याच्यासाठी मुंबईला पळायची गरज नाही.

लग्न झालंय पण नोंदणी केली नाही असं असेल तर महानगरपालिकेच्या झोन ऑफिसात जाऊन ती करा. लग्नपत्रिका आणि फोटो दाखवून जोडीदाराचा व्हिसा मिळत नाही.

नागपूर विद्यापीठाची डिग्री तिकडे धरतात का?

विद्यापीठ १९२३ पासूनचं आहे, नाव नवीन असो की जुनं, पण प्रश्न नावाचा नाही. जर्मनीची आनाबिन नावाची सरकारी यादी आहे, त्यात तुमचं विद्यापीठ आणि तुमचा कोर्स दोन्ही वेगवेगळे शोधायचे. विद्यापीठासमोर एच-प्लस, म्हणजे मान्यता असल्याची खूण, दिसलं पाहिजे आणि कोर्सही जर्मन डिग्रीच्या बरोबरीचा दाखवलेला पाहिजे, मग त्या पानाची प्रिंट व्हिसाला पुरते. कोर्स यादीत नसेल तर झेडएबी म्हणून संस्था आहे, तिच्याकडून तुलनेचं प्रमाणपत्र मागवायचं, फी २०८ युरो.

शिकायला जाणाऱ्यांना एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमचे शिक्षणाचे कागद खरे असल्याचा दाखला, लागतं, नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना ते सक्तीचं झालंय, फी १८,००० रुपये. हे आधी आणि कॉलेजचे अर्ज नंतर, हा क्रम सोडू नका.

नर्सिंगवाल्या पोरींसाठी वेगळं सांगतो. जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्यांना तिकडे सरळ नर्स म्हणून कामाला लागता येत नाही, आधी जर्मनीतल्या ज्या राज्यात काम करायचं त्याची मान्यता लागते आणि भाषा बहुतेक ठिकाणी बी-टू लेव्हलची (भाषेच्या पायऱ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात). मान्यता येईपर्यंत सहायक म्हणून काम करावं लागतं, पगार कमी असतो. हे ऑफर लेटरवर सही करायच्या आधी माहीत असू द्या.

भाषा शिकणं खरंच गरजेचं आहे? आयटीत तर सगळं इंग्लिशमध्ये चालतं म्हणतात.

ऑफिसात चालतं. पण घरमालक, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट, शाळेची बाई, पोस्टाने येणारी पत्रं, हे सगळं जर्मनमध्ये असतं आणि जर्मनीत पत्रं फार येतात, प्रत्येक पत्रात एक तारीख असते आणि ती चुकली की दंड. निदान ए-टू करून निघा. नागपुरात क्लासेस आहेत, ऑनलाइन तर भरपूर आहेत, गोएथे या जर्मन भाषेच्या संस्थेच्या परीक्षेसाठी मुंबई-पुण्याची सीट मात्र लवकर पकडा, भरभर संपतात. तिथे गेल्यावर शिकू असं म्हणणारे बरेच लोक पाच-पाच वर्षं तिथेच राहिलेत आणि अजून डॉक्टरकडे जाताना मित्राला सोबत नेतात, मला ते बघून वाईट वाटतं कारण हुशारीची कमी कुठेच नसते, पहिल्या वर्षी जे राहिलं ते नंतर कामाच्या गडबडीत राहूनच जातं.

भाषेचा फायदा कागदावरही आहे. ब्लू कार्ड म्हणजे डिग्रीवर चांगल्या पगाराची नोकरी मिळालेल्यांचा परवाना, त्या ब्लू कार्डवाल्याला पर्मनंट रेसिडन्स ए-वन असेल तर २७ महिन्यांनी मिळू शकते, बी-वन असेल तर २१ महिन्यांनी.

व्हिसाला मुंबईला जावं लागतं का?

महाराष्ट्र मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे येतो. लांब मुदतीच्या व्हिसाचा अर्ज आता त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर आधी भरता येतो, ते कागद तपासतात, काही कमी असेल तर कळवतात आणि मग बोटांचे ठसे द्यायला प्रत्यक्ष जायचं. फी ७५ युरोच्या बरोबरीने रुपयांत. विदर्भ एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोचता येतं पण अपॉइंटमेंट सकाळची असेल तर एक दिवस आधीच जा, पावसाळ्यात तर नक्कीच.

पैसे किती लागतील?

विद्यार्थ्याला ब्लॉक्ड अकाउंट लागतं, वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरायचे, तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ सुटतात. हे पैसे तुमचेच असतात, फी नाही, हे घरच्यांना नीट समजावून सांगा कारण बरेच काका "एवढी फी?" म्हणून घाबरतात. म्युनिकसारख्या शहरात ९९२ मध्ये तंगी होते, लाइपझिगसारख्या ठिकाणी भागतं. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण पहिल्या सेमिस्टरचा हिशोब त्या कमाईवर बांधू नका, काम मिळायला वेळ लागतो.

नोकरीवर जाणाऱ्याने तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. पहिला पगार महिन्याच्या शेवटी येतो आणि त्याच्या आधी घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं, पलंग, गादी, सगळं समोर उभं राहतं.

इथून पैसे पाठवताना १० लाखांच्या वर टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच घेतलेला टॅक्स, कापतात, शिक्षणासाठी बँकेच्या एज्युकेशन लोनमधून गेलेल्या पैशावर कापत नाहीत. कापलेला टीसीएस रिटर्न भरताना परत मिळतो, तेवढ्यासाठी तरी त्या वर्षीचं रिटर्न भरा.

एजंट म्हणतो पाच लाखात नोकरी आणि व्हिसा दोन्ही करून देतो. द्यावे का?

देऊ नका. जर्मनीने भारतातल्या कुशल कामगारांसाठी वर्षाचे व्हिसे २०,००० वरून ९०,००० पर्यंत न्यायचं २०२४ मध्ये जाहीर केलं आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारचा बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करारही झाला, या बातम्या खऱ्या आहेत पण त्याच बातम्यांची कात्रणं दाखवून गावोगाव पैसे गोळा करणारेही फिरून राहिले. व्हिसा देणं फक्त दूतावासाच्या हातात आहे, कोणाच्या ओळखीने तो होत नाही. परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी साइटवर असते, तिथे नाव शोधा, नसेल तर चहा पिऊन निघून या. शेत गहाण ठेवून पैसे भरलेली घरं मी पाहिली आहेत, त्या आई-बापाच्या तोंडाकडे बघवत नाही. कोणी विचारायला आलं तर मी हा प्रश्न सगळ्यात आधी काढतो.

बँक खातं आहे तसंच ठेवलं तर?

तिकडे नोकरीला किंवा स्थायिक व्हायला गेलात की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने तुम्ही अनिवासी, आणि अनिवासी माणसाला साधं बचत खातं ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या पैशांचं खातं, करून घ्यायचं. तिकडची कमाई इकडे ठेवायची असेल तर एनआरई वेगळं उघडा. इथे असताना ब्रँचमध्ये जाऊन विचारून, फॉर्म घेऊन ठेवा, तिकडून कुरियरने कागद पाठवत बसलात तर एका सहीसाठी महिना जातो. पीपीएफ सुरू असेल तर मुदत संपेपर्यंत भरता येतं, नवीन उघडता येत नाही आणि मुदतही वाढवता येत नाही.

आणि ओटीपी! हे मी जोर देऊन सांगतो. बँक, आधार, पॅन, सगळं ज्या नंबरला जोडलंय तो नंबर चालू राहिला पाहिजे. एक नंबर ठरवा, सगळीकडे तोच टाका, रोमिंगवर मेसेज येतो का ते तपासा आणि रिचार्जची तारीख घरात कोणाला तरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून द्या. रिचार्ज बंद पडला की काही दिवसांनी तो नंबर दुसऱ्याला मिळतो आणि मग तुमचा ओटीपी यवतमाळच्या कोण्या अनोळखी माणसाच्या मोबाइलवर वाजून राहतो.

गावाकडे शेत आहे, बेसाला प्लॉट आहे. त्याचं काय?

निघायच्या आधी दोन कामं. पहिलं, सातबारा आणि फेरफार काढून बघा, आजोबांचं नाव अजून चढलेलं असेल तर वारस नोंद लावून घ्या, तलाठी कार्यालयात स्वतः उभं राहून जे काम दोन चकरांत होतं ते तिकडून फोनवर होत नाही. दुसरं, ज्याच्यावर पूर्ण विश्वास आहे त्याच्या नावाने मुखत्यारपत्र करा आणि दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करा. त्यात काय करायचा अधिकार देताय ते मोजून लिहा, वीजबिल भरणं, भाडेकरू ठेवणं, कोर्टात हजर राहणं एवढंच द्या, विक्रीचा अधिकार गरज नसेल तर देऊ नका. राहून गेलं तर तिकडच्या भारतीय दूतावासात करता येतं पण सुटी काढून बर्लिन, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग नाही तर म्युनिकला जावं लागतं.

शेतजमिनीचा एक नियम पुष्कळांना माहीत नसतो. अनिवासी झाल्यावर भारतात नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही, फार्महाऊसही नाही. असलेली ठेवता येते, वारसाने आलेली चालते. तेव्हा पगार साठवून काटोलकडे संत्र्याची बाग घ्यायचं मनात असेल तर निघायच्या आधी किंवा कायमचं परतल्यावर.

आई-बाबांना नंतर तिकडे नेता येईल का?

फिरायला, हो. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस, सोबत निदान ३०,००० युरोचा प्रवासी विमा. कायमचं न्यायचं तर अवघड आहे. १ मार्च २०२४ नंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांना बोलावण्याची वाट उघडली आहे, पण त्यांचा आरोग्य विमा तुम्हाला काढावा लागतो आणि साठी-सत्तरीतल्या माणसाला खासगी विमा मिळतच नाही किंवा परवडत नाही, गाडं तिथेच अडतं. तेव्हा ते नागपुरातच राहतील असं धरून व्यवस्था लावा, आशेवर ठेवू नका.

व्यवस्था म्हणजे काय, तर मेडिक्लेम तुम्ही नोकरी सोडल्यावर संपणारा कंपनीचा नको, त्यांच्या नावाचा वेगळा हवा. घराजवळच्या एका डॉक्टरशी तुम्ही स्वतः जाऊन बोला, त्यांच्याकडे तुमचा नंबर असू द्या. रात्री दोन वाजता दवाखान्यात नेणारा एक माणूस ठरलेला असावा, शेजारचे काका, मावसभाऊ, कोणीही, पण त्याला तसं सांगितलेलं असावं. दवाखान्यात डिपॉझिट लागतं, म्हणून बाबांच्या खात्यात तेवढे पैसे कायम ठेवा. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा कूलरची टाकी कोण भरेल, हेही त्यात आलं. आईला व्हिडिओ कॉल लावता येतो पण आलेला फोटो मोठा करता येत नाही, औषधाचं नाव वाचता येत नाही, अशा बारीक गोष्टी जायच्या आधी महिनाभर रोज थोडं थोडं बसून शिकवा. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. तिकडे संध्याकाळी सहाला ऑफिस सुटलं की इकडे साडेनऊ-साडेदहा, त्यांची झोपायची वेळ, म्हणून फोन सकाळी तुम्ही निघताना करायची सवय लावा.

आता सामान सांगा. काय न्यावं, काय नको?

तिकडचा करंट २३० व्होल्टच आहे त्यामुळे आपला मिक्सर चालतो, फक्त पिन वेगळी, दोन-तीन ॲडाप्टर इथूनच घ्या. कुकर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा न्या, ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शन शेगडीवर गरमच होत नाही. पोळपाट-लाटणं, डाव, मसाल्याचा डबा न्या. डाळ, तांदूळ, पीठ भरून वजन वाढवू नका, तिथे भारतीय दुकानं आहेत. जाड कोटही तिथेच घ्या, बुर्डीवर मिळणारं जॅकेट नागपूरच्या थंडीचं असतं.

तूप, खवा, पनीर, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात प्रवासी सामानातून नेता येत नाहीत. ताजी फळं आणि पालाही रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय नाही, म्हणजे संत्री नाही आणि कढीपत्ताही नाही. कढीपत्ता सावलीत वाळवून, चटणीत कुटून न्या. सावजी मसाला पूर्ण सुका, पॅक केलेला, नाव लिहिलेला न्या, पण थांबा, त्यात खसखस असते. यूएईत खसखस ड्रगमध्ये धरतात आणि नागपूरहून शारजामार्गे जाणारे खूप आहेत. त्या वाटेने जात असाल तर मसाला खसखस न घालता कुटून घ्या, कोणी आग्रहाने पुडी दिली तरी उघडून विचारा.

औषधं स्वतःपुरती, जास्तीत जास्त तीन महिन्यांची, सोबत डॉक्टरची इंग्लिशमध्ये टाइप केलेली चिठ्ठी. दात आणि डोळे निघायच्या आधी तपासून घ्या. चष्म्याचा खर्च तिकडचा सरकारी विमा मोठ्या माणसांना साधारण देत नाही, दोन चष्मे करून न्या.

सगळे मूळ कागद हातातल्या बॅगेत. चेक-इनमध्ये एकही नाही.

नागपूरहून थेट जाता येतं का?

थेट नाही, पण सोनेगाववरून दोहामार्गे फ्रँकफर्ट, म्युनिक, बर्लिन असं एका तिकिटावर जाता येतं. मुंबई-दिल्लीमार्गे जात असाल तर सगळा प्रवास एकाच बुकिंगमध्ये घ्या. दोन वेगळी तिकिटं काढली आणि डिसेंबर-जानेवारीत धुक्याने दिल्लीचं विमान लेट झालं तर पुढचं तिकीट बुडालं, कोणी भरून देत नाही.

पोचल्यावर पहिल्यांदा काय?

आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत सिटी ऑफिसात करायची. घरमालकाची सही असलेला एक फॉर्म त्याला लागतो, म्हणून तात्पुरती खोली घेताना पहिला प्रश्न हाच विचारा की नोंदणी करू द्याल का. ही नोंदणी झाली की टॅक्स नंबर पोस्टाने घरी येतो, बँक खातं सुटतं, रेसिडन्स कार्डाचा अर्ज होतो, आणि ती नाही तर यातलं बहुतेक सगळं अडतं. दारावरच्या पोस्टपेटीवर तुमचं आडनाव चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो.

मग टीव्ही असो-नसो, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरोची रेडिओ-टीव्हीची वर्गणी येते. ते पत्र खोटं नाही, भरा.

घर कसं शोधायचं?

वेळ लागतो, दोन-तीन महिने धरून चला. बरीच घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात, ओटा, सिंक, शेगडी काहीच नाही, जाहिरातीत हे नीट वाचा. भाड्याचे दोन आकडे असतात, थंड भाडं आणि गरम भाडं, हिशोब गरमवर करा कारण हीटिंग त्यात धरलेलं असतं. डिपॉझिट तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. घर बघायच्या आधी पैसे मागणारा, "मी परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो" म्हणणारा, शंभर टक्के फसवा.

रात्री दहानंतर आवाज नाही. मिक्सरही नाही. रविवारी दुकानं बंद, दूध-भाजी शनिवारीच आणा.

आजारी पडलो तर?

विमा सगळ्यांना सक्तीचा आहे. नोकरीवाल्याचा हप्ता पगारातूनच कापला जातो, साधारण अर्धा कंपनी भरते. न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्यातच फुकट बसतात, ही सरकारी विम्याची मोठी सोय आहे, म्हणून कुटुंब असेल तर स्वस्त दिसला म्हणून खासगी विमा घेऊ नका. स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट मात्र महिन्यांनी मिळते. आपल्याकडे रामदासपेठेत संध्याकाळी गेलं की त्याच रात्री रिपोर्ट हातात येतो, ती सवय मोडावी लागते. जीवावरचं असेल तर ११२, आणि दवाखाने बंद असताना साधं आजारपण असेल तर ११६११७.

मुलं सोबत आहेत, शाळेचं कसं?

सरकारी शाळा फुकट, आणि सहाव्या वर्षापासून सक्तीची, घरी शिकवलेलं चालत नाही. गोवर लसीचा पुरावा शाळा आणि पाळणाघर दोन्हीकडे मागतात, मार्च २०२० पासून तसा कायदाच आहे. नागपुरातल्या डॉक्टरकडून लसीकरणाच्या कार्डावर दोन्ही डोसांच्या तारखा, शिक्का आणि सही घेऊन ठेवा, अंगणवाडीतलं जुनं कार्ड फिकं झालं असेल तर नवीन करून घ्या. मुलांना जर्मन सहा-आठ महिन्यांत येतं, पण त्या सहा-आठ महिन्यांत ती फार गप्प होतात. घरी मराठीच बोला, मुलांशी मोडकं जर्मन बोलायला जाऊ नका.

जोडीदाराला काम करता येतं का?

येतं. आणि ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए-वनची परीक्षाही लागत नाही. पण ज्या ताई इथे बँकेत, शाळेत चांगल्या नोकरीवर होत्या त्यांना तिकडे भाषेमुळे वर्ष-दीड वर्ष घरी बसावं लागतं आणि ते फार जड जातं. हे निघायच्या आधी दोघांनी बसून बोलायला हवं, कोर्सचे पैसे आणि वेळ दोन्ही आधीच ठरवून.

थंडी सहन होते का?

थंडीचं काही वाटत नाही, घरं गरम असतात. त्रास अंधाराचा होतो. डिसेंबरात बर्लिनला चारच्या आत सूर्य मावळतो, सकाळी आठनंतर उगवतो, आपल्याला वर्षभर ऊन बघायची सवय. दुपारी जेवणाच्या सुटीत रोज बाहेर चालून या, डॉक्टरला विचारून व्हिटॅमिन डी घ्या, आणि पहिल्या हिवाळ्यात एकटे राहू नका. मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपती बसतो, दिवाळीला फराळ होतो. नोव्हेंबरच्या आधी तिथे ओळख करून घ्या.

इथलं ड्रायव्हिंग लायसन्स चालेल?

तिथे राहायला लागल्यापासून सहा महिने. मग लेखी आणि गाडीची परीक्षा दोन्ही द्यावी लागते, खर्च भरपूर. शहरात गाडीची गरज नाही, जर्मनीभर लोकल गाड्या-बसला चालणारं महिन्याचं तिकीट जानेवारी २०२६ पासून ६३ युरोला आहे.

पुढे जर्मन पासपोर्ट घ्यावा का?

पाच वर्षं राहिल्यावर अर्ज करता येतो. जून २०२४ पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही, पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय गेला, मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड, काढायचं. ओसीआयवर येणं-जाणं, राहणं होतं, मतदान नाही, शेतजमीन विकत घेणं नाही. पर्मनंट रेसिडन्सवर राहून भारतीय पासपोर्ट ठेवणारे पुष्कळ आहेत आणि फॉर्म ६ए भरून ते नागपूरच्या मतदार यादीत नावही ठेवू शकतात, मत द्यायला मात्र इथे यावं लागतं. घाईने ठरवायची ही गोष्ट नाही, पहिली चार वर्षं तरी हा प्रश्न बाजूला ठेवा आणि पासपोर्ट संपायच्या वर्षभर आधी तिकडच्या भारतीय दूतावासात नूतनीकरणाला टाका.